त्याचं मशीन चुकू देऊ नका

नाशिकच्या कोर्टात मी एका साक्षीसाठी बसलो होतो. शेजारी एक बाई येऊन बसली. भाजी पिकवणारी. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं आणि दिरानं फावडं घातलं, असं तिनंच सांगितलं. तेव्हापासून उजवा हात वाकत नव्हता; पदर ती डाव्या हातानं सावरायची.

दीर दोषी ठरला होता, शिक्षा ठरायची होती. त्याचा वकील म्हणाला, "साहेब, याच्या किडन्या निकामी झाल्यात, डायलिसिसवर आहे. शिक्षा कमी करावी."

न्यायाधीशांनी तिचं म्हणणं विचारलं. ती उठली.

"शिक्षा तर द्याच, साहेब. पण त्याचं मशीन चुकू देऊ नका. त्याला जेलात बसायचंय, मरायचं नाय."

शिक्षा झाली. मुदत मात्र कमी केली, आणि तुरुंगानं त्याला डायलिसिसला वेळच्या वेळी न्यायचंच, असा आदेशही दिला.

बाहेर मी विचारलं, "मावशी, कमी वाटली का शिक्षा?"

"वाटली थोडी. पण जगला तर कधीतरी माझ्यासमोर येऊन चुकलो म्हणल. मेलेला माणूस काय बोलतोय?"

दिराची बायको भिंतीपाशी रडत उभी होती. ही तिच्याजवळ गेली. "चल, गाडी जाईल," म्हणाली. दोघी एकाच गावच्या बसकडे निघाल्या.