रेट फुटला तर पोर्टल बंद

परचेसवाल्याकडे माल उशिरा येतो, किस्से मात्र रोज गेटवर हजर! कळमेश्वरच्या आमच्या व्हॉल्व्हच्या फॅक्टरीत खरेदी पोर्टलवर आणली, तेव्हापासून मी डबा उघडायच्या आत मित्र विचारतात, आज काय झालं गा?

*

आधी सगळं फोनवर चालायचं. एकाचा रेट दुसऱ्याला सांगायचा अन् भाव पाडायचा. मी म्हटलं, आता सप्लायर आपापला रेट पोर्टलवर भरतील, ठरल्या वेळेला सगळे एकदम उघडतील, तोवर कोणालाच दिसणार नाहीत. आमचे मालक भय्यासाहेब हसले.

"नागपुरात रेट गुपित राहते का गा? एकदा जरी फुटला, तर पोर्टल बंद."

मी जोशात हो म्हणून बसलो. माझी वर्षभराची मेहनत त्या एका अटीवर टांगलेली.

*

पहिल्याच टेंडरला एका मोटरवाल्यानं रेट भरला, एक रुपया. पोर्टलनं त्याला बिनदिक्कत पहिला नंबर दिला. फोन केला तर म्हणतो, काहीतरी लिहिल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हतं, खरा भाव चहा पिता पिता सांगतो ना भाऊ!

*

जरीपटक्याचे हरीशभाई खोकीवाले. पासवर्ड विसरायला नको म्हणून त्यांनी तो दुकानाच्या भिंतीवर पेंटरकडून लिहून घेतला, भोवती वेलबुट्टी काढून. मी स्वतः उभं राहून त्यावर चुना मारायला लावला.

*

एकदा टेंडर उघडायच्या आदल्या दिवशी भय्यासाहेब माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "मले तं दाखव." मी म्हटलं, मलाच दिसत नाही.

"अरे, मालक मी आहो ना?"

"आहात साहेब. पण उद्या चारच्या आधी पोर्टल तुम्हालाही ओळखत नाही."

रुसून गेले. अन् संध्याकाळी नागपुरात सदरला दोस्तांत बसून छाती फुगवून सांगून राहिले, आमच्याकडं मालकालेही दिसत नाही! हे ऐकलं तेव्हा मी घरी जाताना संत्राबर्फी घेऊन गेलो.

*

मग आलं खोक्यांचं वर्षाचं टेंडर. वसंतरावजी आमचे जुने सप्लायर. घर उमरेडच्या विणकरांचं, माग बंद पडल्यावर लाकडी खोक्यांच्या धंद्यात आलेले. बहुतेक सगळा माल आम्हालाच द्यायचे. समोर हरीशभाई.

उघडायच्या दिवशी दुपारी कळलं, दोघांचेही रेट एकाच बाईनं भरलेत. वसंतरावजींची सून, अर्चना! पोर्टल तिलाच जमायचं, म्हणून हरीशभाईही बिनधास्त तिच्याकडेच गेलेले.

"झालं," भय्यासाहेब म्हणाले. "आता सासरा जिंकते, अन् उद्यापासून फोन."

वसंतरावजी सुनेला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसलेच होते. चार वाजले, रेट उघडले. हरीशभाई थोडक्यात खाली. वसंतरावजींचं वर्षाचं काम गेलं.

वसंतरावजींनी सुनेला विचारलं, "हरीशभाईचा रेट तुले माहीत होता ना, पोरी?"

"हो बाबा. त्यांचा आधी भरला, मग आपला."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"त्यांनी विश्वासानं दिला होता."

वसंतरावजी ताठ मानेनं भय्यासाहेबांकडे वळले.

"सून आहे माझी."