रॉकेलनं पुसलेलं इंजिन

माझ्या वडिलांनी माझी नोकरी एका सकाळी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाकली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ऐकणारे हसतात. हसू देत. त्याच्या पुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी कल्याणच्या इंजिन शेडमध्ये फिटर होतो. वडील त्याच शेडमधून निवृत्त झालेले, इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन. वडील, मी आणि माझी बायको असे तिघं स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. माझं काम म्हणजे आठ तास इंजिनाखालच्या खड्ड्यात उभं राहायचं, मान वर करून नट आवळायचे आणि वरून ठिबकणारं कढत तेल मानेवर झेलायचं. लोकांना इंजिनाचं तोंड दिसतं, मला जन्मभर त्याचं पोटच दिसणार होतं. सहा वर्षांत मी त्या खड्ड्याला इतका विटलो होतो की सकाळचा भोंगा झाला तरी मी चपला घालायला उशीर लावायचो.

अशात एक नवे साहेब आले. शिकाऊ पोरांसाठी ट्रेनिंग स्कूल निघणार होतं आणि तिथे मॉडेलं बनवायला एक माणूस हवा होता. बसून काम, डोक्यावर पंखा, हातात बारीक हत्यारं. ज्याला जागा हवी त्यानं स्वतःच्या हातचं एक मॉडेल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणून दाखवायचं, असं ठरलं. वर्षभराची मुदत होती. साहेब मराठीच होते, सगळ्यांना उभं करून त्यांनी स्वच्छ सांगितलं, "मला काचेच्या कपाटातलं इंजिन नको. यार्डातलं हवं. तेल कुठे गळतं, गंज कुठे धरतो, हे पोराला मॉडेल बघून कळलं पाहिजे."

हे वाक्य मी पाठ केलं. बाकीच्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं असं मला वाटलं, आणि त्यामुळेच मी मनात जागा मिळवूनसुद्धा बसलो होतो.

मी मालधक्क्यावरचं डिझेल इंजिन निवडलं. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, पुढेमागे ढकलणारं ते एक ठेंगणं धूड होतं. कोळशावर आयुष्य काढलेल्या लोकांना त्याचा भारी राग. वडिलांना तर विचारूच नका. चूल नाही, पाणी नाही, फायरमन नाही, ते कसलं इंजिन, असं ते म्हणायचे आणि त्याचा भोंगा ऐकला की म्हैस हंबरली म्हणून नाक मुरडायचे. मी घरात तेच करायला घेतलंय म्हटल्यावर त्यांनी माझ्या कामाकडे बघणंच सोडलं. मीही त्यांना काही सांगेनासा झालो. एका घरात दोन माणसं अशी वर्षभर न बोलता राहू शकतात, हे चाळीत राहिलेल्यांना पटेल.

रविवारी मी टेप घेऊन धक्क्यावर जायचो आणि मापं उतरवायचो. फुटाला अर्धा इंच असं प्रमाण धरलं, म्हणजे मॉडेल जवळजवळ दोन विती लांब. पत्रा वनस्पती तुपाच्या डब्यांचा. चाकं विठ्ठलवाडीला एका सिंधी लेथवाल्याकडून कातून घेतली. बिचारा फाळणीत सगळं सोडून आलेला. त्याला ही खेळण्याची चाकं वाटली, पण केसाचाही फरक त्यानं राहू दिला नाही. बाजूचे कठडे सायकलच्या आऱ्यांचे. पत्र्यावरचे रिवेट मी ग्रामोफोनच्या बोथट सुईनं मागच्या बाजूनं एकेक ठोकून उठवले. बाराशेच्या वर गेल्यावर मोजणं सोडलं. हवा आत जायला पत्र्यात फटींच्या झापा असतात त्या अठ्ठेचाळीस होत्या, त्या एकेक कापून तिरक्या वाकवल्या. दारं उघडत होती. ड्रायव्हरच्या खिडकीला फोटोच्या जुन्या काचेचा तुकडा बसवला होता.

गणपतीच्या कितीतरी आधी ते तयार झालं, गडद हिरव्या रंगात, चकचकीत. बायको म्हणाली, दृष्ट काढायला हवी. पण माझं खरं काम तिथून पुढे होतं. मला ते मळवायचं होतं.

मळवणं म्हणजे काळं फासणं नव्हे. तीन महिने मी धक्क्यावर जाऊन नुसता मळ बघत होतो. डिझेल भरायच्या तोंडाखाली पाघळलेला डाग वर रुंद असतो आणि खाली निमुळता होत जातो. धुराड्याच्या मागे काजळी एकाच अंगाला जास्त, कारण इंजिन बहुतेक वेळ एकाच दिशेला तोंड करून उभं. दाराच्या मुठीखाली रंग उडून खालचा तांबडा थर दिसतो, कारण ड्रायव्हर चढताना तिथे अंगठा टेकतो. पायरीचं लोखंड मधोमध उघडं आणि लखलखीत, कडांना मात्र गंज. कोण कुठे हात ठेवतो, कुठे काय गळतं, सगळं त्या मळात लिहिलेलं. ते वाचणारा शेडमध्ये मी एकटाच, अशी मला घमेंड होती. आजही आहे.

काजळी मी कंदिलाच्या काचेची धरली. आंबिवलीच्या वीटभट्टीवरून विटांचा भुगा आणून तो वस्त्रगाळ केला, ती चाकांवरची ब्रेकची धूळ. खरा लोखंडाचा कीस मिठाच्या पाण्यात भिजवून गंज केला. बायकोच्या पावडरीच्या डब्यालाही हात घातला आणि शिव्या खाल्ल्या. सगळं अळशीच्या तेलात अगदी थोडं थोडं, शेंगदाण्याएवढ्या कुंचल्यानं, एक थर वाळल्यावर दुसरा. हे काम मी संध्याकाळी वडील स्टेशनच्या पुलावर गाड्या बघायला जायचे तेवढ्या वेळात करायचो. त्यांच्यासमोर केलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, आणि मला सांगायचं नव्हतं. त्यांना माझं काही कळणार नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

खंडेनवमीला शेडमध्ये सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात, इंजिनांना झेंडूच्या माळा घालतात, नारळ फुटतात. घरीही आमच्याकडे पाटावर हत्यारं मांडायची पद्धत. सकाळी मी माझ्या कानशी, हातोडी आणि मॉडेल पाटावर ठेवलं आणि शेडच्या पूजेला गेलो. बायको पुरणाच्या मागे लागली होती. बाराच्या सुमारास मी परत आलो, तर वडील गॅलरीत फतकल मारून बसले होते. मांडीवर माझं इंजिन, बाजूला वाटीत रॉकेल, हातात सुताचा बोळा. वाटीतलं रॉकेल काळं-तांबडं झालं होतं. माझे तीन महिने त्या वाटीत होते.

इंजिन लग्नातल्या समईसारखं लखलखत होतं. कठड्याच्या तारा त्यांनी चिंचेनं घासल्या होत्या. चाकांमधली धूळ काडीला कापूस गुंडाळून कोरून काढली होती. पायरीच्या कडांचा गंज पार गेला होता. समोर हळदकुंकवाची बोटं आणि गळ्यात दोन झेंडू.

मला बघून ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा ते माझ्या कामाविषयी बोलले. "केवढी घाण बसू दिलीस रे ह्याच्यावर. स्टोच्या शेजारी ठेवतोस, मग काय होणार? असं न्यायचं असतं का साहेबापुढं?"

मी काय बोललो ते आठवतं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तुम्ही जन्मभर पुसतच राहिलात. दुसरं काही आलं नाही तुम्हाला."

वडिलांनी बोळा वाटीत ठेवला. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ते शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले आणि बारा वर्षं इंजिनं पुसत होते, पुढे फायरमन झाले, हे मला माहीत होतं. ड्रायव्हर का झाले नाहीत, ते मला माहीत नव्हतं. त्यांची बढतीची परीक्षा होती त्या दिवशी गोऱ्या साहेबानं त्यांच्या इंजिनावरून पांढरा रुमाल फिरवला होता. रुमाल काळा झाला. साहेबानं तो त्यांच्या तोंडासमोर धरला आणि कागदावर काट मारली. पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही.

"तुझ्यावर ती पाळी नको म्हणून पुसलं रे," ते म्हणाले.

आता इथे मला पाघळायला हवं होतं. मी पाघळलो नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की ह्या माणसाचं जे व्हायचं ते झालं, आता त्यानं माझंही केलं. मळ मुद्दाम लावला होता हे मी त्यांना तेव्हा सांगितलं, ओरडून, अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असं. त्यांना ते पटेना. नव्या इंजिनाला मुद्दाम कोण मळवेल? त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं, तिनं मान खाली घातली.

दसऱ्याचा दिवस मी ते पुन्हा मळवण्यात घालवला. जमलं नाही. रॉकेलनं खालचा हिरवा रंगही मऊ पडला होता, काजळी त्यात मुरून सगळं चिकट करडं झालं. एका दिवसात अळशीचं तेल वाळत नाही. शेवटी मी स्वतःच ते पुसलं आणि वडिलांनी केलं होतं तसं लख्ख करून ठेवलं. माझ्या हातून तेवढं लख्खही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तीन मॉडेलं होती. ठाण्याकडच्या एका फिटरनं दोन डबे जोडायच्या आकड्याचं लाकडी मॉडेल आणलं होतं, ओबडधोबड, पण झिजतं तिथे झिजवलेलं आणि खरं ग्रीस माखलेलं. साहेबांनी माझ्या इंजिनाचं दार उघडून बघितलं, रिवेटवरून बोट फिरवलं. काम फार बारीक आहे म्हणाले. मग म्हणाले की हे तर दुकानातलं आहे, मी सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाहीत.

मी म्हणालो, "ऐकलं होतं साहेब. मळवलं होतं. वडिलांनी पुसलं. ते शेडमध्ये क्लीनर होते."

 मग साहेब हसले. "वडिलांना सांगा, आमच्याकडे क्लीनरची जागा रिकामी आहे."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. साहेबांपुढे हसायचं असतं तसं, दात दाखवून. जागा ठाण्याच्या फिटरला मिळाली आणि ते वाजवीच झालं, हे मला त्याच दिवशी कळत होतं. म्हणूनच मला राग काढायला कुणीतरी हवं होतं.

घरी वडील दारातच उभे होते. साहेब काय म्हणाले, त्यांनी विचारलं. मी चपला काढता काढता सांगितलं की जागा दुसऱ्याला गेली. आणि मग, त्यांना लागावं म्हणून, नीट त्यांच्याकडे बघून सांगितलं, "तुमच्यासाठी निरोप दिलाय. क्लीनरची जागा रिकामी आहे म्हणे."

 मी वाट बघत होतो की आता चिडतील, निदान मान खाली घालतील. त्यांनी विचारलं, "वयाचं काय म्हणाले?"

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा ही थट्टा होती हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळलं. वयाचं काही बोलले नाहीत, असं म्हणून मी हातपाय धुवायला गेलो.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास मी खड्ड्यात होतो. इंजिनाच्या दोन चाकांमधून शेडचं फाटक दिसतं. फाटकापाशी वडील उभे होते. निवृत्तीच्या दिवशी घातलेला बंद गळ्याचा कोट, डोक्यावर टोपी, हातात सर्टिफिकिटांची घडी. ते चौकीदाराला काहीतरी समजावून सांगत होते. चौकीदार नवा होता, तो त्यांना ओळखत नव्हता. मला ओळखत होता. मी वर येऊन हात केला असता तरी त्यानं त्यांना आत घेतलं असतं, बाकावर बसवलं असतं, चहा दिला असता. आजूबाजूला चार माणसं काम करत होती, त्यातला एकजण परवा साहेबांच्या टेबलापाशी हसलेला होता. त्यानं फाटकाकडे बघितलं आणि म्हणाला, "कोण रे ते म्हातारं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

मग मी खाली वाकलो आणि नसलेला पाना शोधत राहिलो. मान वर केली तेव्हा फाटकापाशी कुणी नव्हतं.

संध्याकाळी कोट खुंटीला परत टांगलेला होता. वडील माझ्या बायकोला सांगत होते की सकाळी जरा बाजारात गेलो होतो, आणि ते खरं वाटावं म्हणून त्यांनी अर्धा शेर भेंडी आणली होती. मी काही विचारलं नाही. तिनं ती भेंडी केली, मी जेवायला बसलो, आणि वडील समोर बसून आग्रह करत होते म्हणून दोनदा वाढून घेतली.