नामदेवचे डोळे

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच. तो तिचा भाऊ होता.

लढाईच्या काळात लोणावळ्याला एक बर्फाचा कारखाना होता. तिथं मी मिस्त्री. मेव्हण्याला, नामदेवला, मळवलीहून मीच आणलं आणि हाताला धरून काम शिकवलं. अमोनिया ज्या बारीक भोकातून सुटून थंड होतो, तो व्हॉल्व्ह कचऱ्यानं तुंबला की बर्फ धरत नाही. नेमकं कुठं तुंबलंय हे नळीवरून हात फिरवत कसं ओळखायचं — तेसुद्धा मीच दाखवलं. म्हणून तर जास्त लागलं. एका सकाळी मालकांनी सांगितलं, हेडमिस्त्री आता नामदेव. दाजी अलीकडं पिऊन कामावर येतात, हे त्यानंच त्यांच्या कानावर घातलं होतं. खोटं होतं का? नाही. पण माझ्या घरी जेवणाऱ्यानं, मला एका शब्दानं न विचारता —

त्याच दुपारी व्हॉल्व्ह तुंबला. बदलणं भाग होतं. रीत अशी, की एकानं मागचा कॉक पक्का बंद करायचा, नळी रिकामी होऊ द्यायची, मगच दुसऱ्यानं नट सोडायचा. नामदेव शिडीवर चढला. कॉकपाशी मी.

"दाजी, कॉक बंद हाय न्हवं?" त्यानं वरून विचारलं.

कॉक उघडा होता. मला ते ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणालो.

काय हवं होतं मला? नाकात वास जाईल, ठसकत खाली उतरेल, मालकांसमोर फजिती होईल — एवढंच, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण अमोनिया काय करतो हे त्या कारखान्यात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? नट सुटला आणि धार सरळ त्याच्या तोंडावर आली.

मी कॉक फिरवला, त्याला ओढत बाहेर नेलं, हौदाचं पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतत राहिलो. मालक धावत आले. काय झालं, विचारू लागले. मी सांगितलं — थांब म्हणत होतो, यानं ऐकलं नाही.

नामदेव शुद्धीवर होता. त्यानं ते ऐकलं. त्याचा हात माझ्या हातात होता, तो त्यानं हळूच सोडवून घेतला.

"मालक, माजीच चूक झाली," तो म्हणाला.

बहिणीसाठी म्हणाला. माझ्यासाठी कशाला म्हणेल?

त्याचे डोळे गेले. हेडमिस्त्री मी झालो. दर भाऊबीजेला तो चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवून यायचा, बायको त्याला ओवाळायची, आणि मी काही तरी निमित्त काढून बाहेर पडायचो. तो वारल्यावरही ती म्हणत राहिली, "तवा त्यानं तुमचं ऐकाया पायजे व्हतं."

दर वेळी मी मान डोलावली.