सगळ्यांना वाढेपर्यंत

वृषालीताईच्या पायाला भिंगरी होती. नळदुर्गजवळच्या वस्तीवरची ही अंगणवाडीची सेविका निवांत बसलेली कुणी बघितलीच नव्हती. मदतनीस शांताक्का म्हणायच्या, "ताई, टेका की जरा. भुई काय पळून जात न्हाय."

पण आज टेकणार कशी? चार वर्षांच्या अक्षराला राग आला की बोलण्याआधी दात लागायचे. काल ती मुकुलच्या दंडाला कडकडून चावली. त्याची आजी सिताबाई दारात येऊन गरजली, "आणि एकदा चावली तर एक तर ही इथं ऱ्हाईल, न्हाय तर आमच्या गल्लीतली पोरं!" अक्षराची आई हायवेच्या ढाब्यावर भाकरी थापायची. अंगणवाडी सुटली तर पोरगी दिवसभर ट्रकांच्या चाकांपाशी.

आणि चूक कुणाची? वृषालीचीच! खिचडी सगळ्यांच्या ताटलीत पडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, हा अंगणवाडीचा रिवाज. पण अक्षरा किंचाळली की ही घायकुती बाई तिलाच पहिलं वाढायची, गप बसावी म्हणून. थांबायला शिकायची तेवढी एक वेळ, तीच रोज बुडवली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

आज तिनं खिचडी वाढायचा डाव अक्षराच्याच हातात दिला. "तू वाढायचं. सगळ्यांना. मग तुला."

"याड लागलं का ताई?" शांताक्का पुटपुटल्या. सिताबाई पाळत ठेवायला उंबऱ्यातच बसली होती.

अक्षरा वाढू लागली. निम्मी खिचडी ताटलीत, निम्मी सतरंजीवर. वृषालीचे हात शिवशिवत होते. शेवटी तिनं ते मांडीखाली दाबून धरले.

मुकुलला धीर कुठला? त्यानं डाव ओढला, खिचडी अक्षराच्या पायावर सांडली. पोरगी लालबुंद झाली, तोंड उघडलं. वृषाली ताडकन उठली, तर शांताक्कांनी पदर धरून तिला खाली बसवलं.

"मला राग आलाय!" अक्षरा किंचाळली. "लई राग आलाय! थांब की!"

मुकुलनं डाव सोडला. नाक ओढत, हुंदके देत तिनं त्याला वाढलं, पुढच्याला वाढलं. आता ती आपल्या जागेवर बसेल म्हणून वृषालीनं श्वास सोडला. पण पोरगी ताटली घेऊन थेट उंबऱ्याकडं गेली.

"आजी, घे."

सिताबाई गडबडली. इतक्या पोरांसमोर नाही कसं म्हणायचं? तिनं ताटली घेतली आणि सवयीनं हात घासाकडं नेला.

"थांब! मला न्हाय वाढलं अजून."

सिताबाईचा हात तिथंच थांबला. अक्षरानं स्वतःला वाढून घेतलं, मांडी घातली आणि मान हलवली. मग सगळे जेवले.

ताटली धुवायला देताना सिताबाई वृषालीकडं न बघताच म्हणाली, "उद्या मुकुलला जरा लवकर धाडते. वाढायला शिकवा त्येला बी."