अकरा मुलांचं एकच घर

रविवारी सकाळी आठ वाजले की आमच्या दारात चपलांचा ढीग पडतो आणि माझ्या मांडणीतल्या वाट्या गायब होतात. रंग कालवायला. एकतीस वर्षं मी कानीकपाळी ओरडते आहे की बाबांनो, ह्याच वाटीत दुपारी मला डाळ वाढायची असते. मुलं म्हणतात, "हो काकीमा," आणि ब्रश वाटीत बुडवतात. त्यांच्या सरांना तर माझं काही ऐकूच येत नाही.

सर म्हणजे आमचे हे. सुधन्य पाकडाशी. राणाघाट स्टेशनच्या पलीकडच्या आळीत कुणालाही 'चित्रांचे सर' विचारा, हाताला धरून आमच्या दारात आणून सोडतील. नोकरी कांचरापाड्याच्या रेल्वे कारखान्यात, डब्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवायची. सोमवार ते शनिवार अक्षरं, रविवारी मुलं. निवृत्त झाल्यावर अक्षरं सुटली, मुलं सुटली नाहीत. थंडीत माकडटोपी, उन्हाळ्यात लुंगी आणि बनियन, आणि बारा महिने कानावर पेन्सिल. ती पेन्सिल लावून हा माणूस माशांच्या बाजारात जातो. एकदा माझ्या मामांच्या श्राद्धालाही तशीच लावून आला होता.

यांची शिकवण्याची पद्धत सगळ्या आळीला पाठ आहे. एकूण चित्रं चार. खेडं, दुर्गापूजा, पतंग आणि पावसातली शाळा. आधी खेडं. डावीकडून नदी येते, नदीत एक होडी, काठावर तीन नारळ, मधला जरा वाकलेला. मग गवतानं शाकारलेली झोपडी, मागे दोन डोंगर आणि डोंगरांच्या मधून सूर्य. आता राणाघाटातून दोन दिवस चालत सुटलात तरी साधा उंचवटा लागत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, "अहो, हे डोंगर कुठून आणलेत?"

"चित्रात डोंगर लागतो."

"कशाला?"

"मग सूर्य कुठून उगवणार?"

तेव्हापासून मी डोंगरावरून चिडवू लागले.

मुलं हे खेडं सहा-सहा महिने गिरवतात, डोळे मिटून काढता येईपर्यंत. तास संपता संपता सर प्रत्येकाच्या पाठीमागून वाकतात आणि चित्रावर आपला हात फिरवतात. झावळ्या सरळ होतात, पाण्यावर लाटा येतात. बाहेर ओट्यावर शाली पांघरून गप्पा मारत बसलेल्या आया दहा वाजता आत येतात, चित्र बघतात आणि खूश होऊन पोराला घेऊन जातात. थंडीत आळीआळीतल्या क्लबांची, म्हणजे तरुण मंडळांची, 'बसा आणि काढा' स्पर्धा असते. मैदानात ताडपत्री, एक तास वेळ आणि विषय तिथल्या तिथे भोंग्यावरून सांगायचा. आमच्या मुलांना विषयाचं भय नाही. 'माझा देश' म्हटलं की खेडं. 'शरद ऋतू' म्हटलं की दुर्गापूजा. 'पर्यावरण' म्हटलं की खेडंच, फक्त एक झाड जास्त. पाण्याची बाटली नाहीतर जेवणाचा डबा जिंकूनच पोरं घरी यायची.

मी चिडवत असले तरी यामागचं कारण मला ठाऊक आहे. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, एकदाच, यांनी ते सांगितलं. एकोणीस वर्षांचे असताना हे कोलकात्याला चित्रशाळेची प्रवेशपरीक्षा द्यायला गेले होते. तोवर कॅलेंडरं बघून शेकडो देव काढलेले. जिवंत माणूस समोर बसवून कधी काढलेला नव्हता. परीक्षेत एका म्हाताऱ्या मासेवालीला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, काढा. तीन तास यांचा हात उठला नाही. वेळ संपली तेव्हा म्हातारी कंबर सरळ करत उठली, जाता जाता यांच्या कोऱ्या कागदाकडे तिनं पाहिलं आणि म्हणाली, "काय रे बाबा, मी तुला दिसले नाही का?"

हे दुपारच्या गाडीनं घरी परतले आणि रेल्वेच्या नोकरीचा अर्ज भरला. "माझ्या एकाही मुलाचा कागद कोरा राहणार नाही," मला म्हणाले. म्हणून ती चार पाठ चित्रं. त्या दिवसापासून मी डोंगरावरून चिडवणं बंद केलं. म्हणजे, कमी केलं.

मागच्या पावसाळ्यात बुंची आली. पाळण्यातलं नाव स्रोतस्विनी. आमच्याकडे आया नाव ठेवायचं म्हणून आठवडाभर शब्दकोश चाळतात आणि मग जन्मभर 'बुंची' म्हणून हाका मारतात. बारा-तेरा वर्षांची, तेल थापलेल्या दोन वेण्या, तोंडात शब्द नाही. तिसऱ्या रविवारी सगळी मुलं तिसऱ्या नारळापाशी पोचली आणि बुंची कागद लावलेली पाटी घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. मी विळीवर रोहू चिरत होते. मला वाटलं, पोरीला भूक लागली. मुरमुऱ्यांची वाटी सरकवली तर तिनं तिकडे पाहिलंही नाही.

दहा वाजता तिनं कागद सरांना दाखवला. मीच होते त्यात. फताडे पाय, विळीच्या पाटावर ठेवलेला गुडघा, वर खोचलेला पदर, आणि सुटलेलं पोटसुद्धा काही सोडलं नव्हतं कार्टीनं. यांनी कानावरची पेन्सिल काढली. मग सवयीनं वाकले आणि हात फिरवला. माझे डोळे मोठे झाले, नाक सरळ झालं, पिकलेले केस काळे झाले.

मी बघितलं आणि म्हटलं, "ही कोण? माझ्या माघारी दुसरी केलीत की काय?"

मुलं फिदीफिदी हसली. बुंची हसली नाही. "काकीमा अशा दिसत नाहीत," ती म्हणाली.

"चित्रात माणूस असाच दिसायला हवा," हे म्हणाले. "आता नदी काढ."

दुपारी जेवताना यांनी माशाला हात लावला नाही. "ही मुलगी बघून काढते गं," म्हणाले. "मला जे येत नाही, ते हिला मी काय शिकवू?" मी म्हटलं, सांगून टाका तिला तसं. त्यावर भाताचा ढीग इकडचा तिकडे करत बसले. भिऊन गेला होता माझा नवरा, एका वेणीवाल्या पोरीला. पण बुंची गुणी मुलगी. सरांनी सांगितलं म्हणून तिनं नदी काढली, होडी काढली, नारळ काढले. थंडी पडेपर्यंत तिचं खेडं इतरांसारखंच तयार झालं.

सरस्वतीपूजेच्या आदल्या रविवारी आमच्याच आळीतल्या क्लबाची स्पर्धा होती. या वेळी परीक्षक कोलकात्याहून आलेल्या एक बाई. भोंग्यावरून विषय आला, 'माझं घर'. हे मागे थर्मास घेऊन उभे होते. विषय ऐकून निश्चिंत झाले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "खेडं."

तासाभरानं बाई कागद बघत फिरू लागल्या. फिरता फिरता हसू लागल्या. मग मंचावर चढून माइकवर म्हणाल्या, "मला एक मोठं कुटुंब सापडलं आहे. ही अकरा मुलं एकाच झोपडीत राहतात. मागे डोंगर, पुढे नदी!"

अख्खं मैदान हसलं. बाई काही दुष्ट नव्हत्या, गमतीनंच बोलल्या. अकरांतली बुंची त्यांच्या सगळ्यात जवळ होती, म्हणून तिच्यापुढे माइक धरून विचारलं, "सांग बरं, हे तुझं घर कुठे आहे?"

बुंचीनं मागे वळून पाहिलं. तिला खोटं बोलता येत नाही. "हे माझं नाही," ती म्हणाली. "सरांचं आहे."

पुन्हा हशा. सरांचं घर सगळ्यांना माहीत. रुळाच्या कडेला दोन खोल्या, वर पत्रा. हे थर्मास तिथेच गवतात ठेवून चालू लागले. मी मागून धावले तेव्हा रेल्वेच्या फाटकापाशी भेटले. म्हणाले, "दहा मुलांचं सोड. ज्या पोरीला दिसत होतं, तिचेसुद्धा डोळे मी बांधले." मला इतकं वाईट वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा टोमणा सुचला नाही.

पुढचा रविवार आला. "ताप आहे, सांग त्यांना," हे म्हणाले. ताप कसला, डोंबलाचा! त्याच्या पुढच्या रविवारीही ताप. तीन आयांनी निरोप धाडले की मुलांना आता स्टेशनजवळच्या दुसऱ्या क्लासात घालतोय, वहिनी, राग मानू नका. कानावरची पेन्सिल उतरली. सकाळी दारात चपला नाहीत, वाट्या सगळ्या जागेवर, आणि मला घर खायला उठलं. एकतीस वर्षं ज्या गोंधळाला शिव्या घातल्या, त्याच्यावर हा माणूस जगत होता, हे मला कुणी सांगायला नको होतं. तो बंद पडला तर हे वर्षभरात म्हातारे होणार. मी एकदा हळू आवाजात, एकदा भांडून, दोन्ही तऱ्हांनी सांगून पाहिलं. म्हणाले, "आता कुठल्या तोंडानं शिकवू?"

तिसऱ्या रविवारी आठ वाजता दारात चपलांची एकच जोडी पडली. बुंची आत आली, चटई स्वतःच अंथरली आणि बसली.

"सरांना ताप आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी थांबते."

आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होते. अर्ध्या तासानं बाहेर आले, दाढी वाढलेली. "पोरी, मी तुला शिकवू शकत नाही," म्हणाले. "मला बघून काढता येत नाही."

बुंचीला हे पटेना. "म्हणजे कधी काढून पाहिलंत?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी काय करणार? मी विळी आणली, रोहू आणला, पदर खोचला आणि खोलीच्या मधोमध फतकल मारून बसले. "काढा," म्हटलं. "बाजारातून आणायला मासेवाली नाही. आहे ती ही."

हे चटईच्या कडेवर टेकले. मला वाटलं, आता उठून जातील. बुंचीनं आपल्या पाटीवरचा एक कागद दुसऱ्या पाटीला लावून ती यांच्यापुढे ठेवली, पेन्सिल हातात दिली आणि दुसरा कागद घेऊन शेजारी बसली. पहिली दहा मिनिटं यांचा हात कागदावर टेकला नाही. मी मासा चिरत राहिले, वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं. मग पेन्सिलीचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"सर, कागदाकडे नका बघू," बुंचीनं हळूच सांगितलं. "काकीमांकडे बघा."

मासा चिरून संपला, तरी मी रिकामाच हात चालवत बसले. मध्येच यांनी विचारलं, "तुझ्या मनगटावर हा डाग कसला?"

"भाताची पेज गाळताना भाजलं होतं."

"कधी?"

"टुकटुकी पोटात होती तेव्हा."

टुकटुकी आमची मुलगी. सिलिगुडीला असते, तिला पाच वर्षांचा मुलगा आहे. यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "मला दिसला नव्हता गं."

"आता दिसला ना," मी म्हटलं. "काढा."

चित्र वाईट झालं, खोटं कशाला बोलू? एक हात गुडघ्यापर्यंत लांब, डोकं भोपळ्याएवढं, मासा तर चप्पल वाटावी असा. पण कागद कोरा नव्हता. त्या दुपारी हे माशाच्या दोन तुकड्या जास्त जेवले आणि बुंचीला म्हणाले, "सगळ्यांना निरोप दे. रविवारी या. येताना फक्त पेन्सिल आणा."

रविवारी आठजण आले. यांनी ते चित्र भिंतीवर लावलं आणि सांगितलं, "हे मी बघून काढलेलं पहिलं चित्र. ह्यात चुका आहेत. शोधा." सरांच्या चित्रात चूक काढायची म्हणजे काय! मग एकानं भीत भीत सांगितलं की हात लांब आहे. "शाबास!" हे ओरडले, आणि मग जो गलका झाला! डोकं मोठं आहे, कान नाहीत, विळी हवेत आहे. प्रत्येक चुकीला हे मांडीवर थाप मारून हसत होते. ओट्यावरच्या आया घाबरून आत डोकावून गेल्या.

तेवढ्यात सगळ्यात लहान पोरगं म्हणालं, "सर, हातावर पेन्सिलीचा डाग पडलाय. खोडू का?"

"तो पडलेला डाग नाही," हे म्हणाले. "तो तिथे आहे. खरं नसेल वाटत तर जाऊन बघा."

आठही पोरं पेन्सिली घेऊन माझ्या स्वयंपाकघरात घुसली. डाळ उकळत होती, पाय ठेवायला जागा नव्हती. मी हात पदराला पुसला आणि पुढे केला, आणि ती सगळी वाकून नीट बघू लागली.