चार वेळा मोजलेला मीटर

त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी चंडीगडात पाहिला नाही. शेजाऱ्याच्या सोलर इन्व्हर्टरमुळे आमचा रेडिओ सारखा खरखरतो. वडिलांना दिसत नाही, त्यांचा सगळा दिवस रेडिओवर जातो, म्हणून मी सरकारी वायरलेस ऑफिसात तक्रार केली होती. खरखर मोजायला तिसऱ्यांदाही तिथले हेच अकोल्याचे गृहस्थ आले. त्यांनी पत्रा अंथरला, त्यावर दांडीचा अँटेना उभा केला आणि इन्व्हर्टरपासूनचं एक मीटर अंतर टेपने चार वेळा मोजलं.

"मागे सरका जी, माणूस जवळ असला तरी आकडा बिघडतो."

मी सात पावलं मागे गेलो. खरखरीचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खूपच खाली आला.

"साहेब, अँटेनाच्या बॅटरीचा दिवा लागलेला नाही. अँटेना बंद आहे."

"सुरू केला तर आकडा वाढेल ना जी," टेप गुंडाळत ते म्हणाले. "रिपोर्ट तर मी ऑफिसातूनच टाइप करून आणलाय."