वजा सत्तावीस

काटा सरांना ‘थोडं’ या शब्दाचा मनापासून राग होता. चहावाल्याने “साखर थोडी टाकू का?” असं विचारलं की सर लगेच उलट विचारायचे, “थोडी म्हंजी किती चमचे?” आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलून ते निवृत्त झाले आणि आमच्या सोनई गावात चार जुने कॉम्प्युटर मांडून आम्हाला गेम बनवायला शिकवू लागले. स्वतः शिकले होते मोबाईलवर बघून, चष्मा कपाळावर चढवून.

त्यांच्या क्लासात प्रत्येक गोष्टीला आकडा द्यावा लागे. मी बैलगाडीचा गेम करत होते. हौसेने वेग टाकला पन्नास. गाडी एका झटक्यात पडद्याबाहेर! सर म्हणाले, “पोरी, बैल हायेत का रॉकेट? बैलाला इचारून आकडा टाक.” मग मी वेग दोन केला. गाडीला तीन जीव दिले. दगडाला धडकली की एक वजा.

हा गेम माझ्यासाठी नुसता खेळ नव्हता. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बजावलं होतं, “रविवारी चालणारा गेम दाखव, मग पुण्याच्या कॉलेजचं बघू. न्हाईतर हितंच शिक.” आणि शनिवारी बघते तर पहिल्याच दगडाला तिन्ही जीव गारद. मी रडकुंडीला आले.

“रडून आकडा बदलत न्हाई,” सर म्हणाले. “जीव किती उरले ते पडद्यावर दिसू दे.” धडकेआधी आकडा होता तीन. धडकेनंतर वजा सत्तावीस. सर हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. “अगं, मेलेल्या बैलाला अजून सत्तावीसदा मारलंस की!”

मग त्यांनी चष्मा खाली ओढला. “गाडी दगडाला टेकून हाय तवर तुझा कॉम्प्युटर सारखा एकेक कापतोय. आमच्या काट्यावर गाडी कितीबी येळ उभी राहू दे, नोंद एकदाच. ती उतरली की मगच पुढची.” मी तेवढंच केलं. एकदा धडक नोंदवली की गाडी सुटेपर्यंत वजाबाकी बंद.

रविवारी अण्णा आले, टोपी मांडीवर ठेवून बसले. तीन दगडांना तीनदा धडकले, दर वेळी सरांकडे रागाने बघितलं आणि म्हणाले, “पुन्हा लाव.” पाचव्या डावानंतर माझ्याकडे न बघताच विचारलं, “पुण्याला कधी निघायचं?”

सरांनी चहा मागवला. “साखर थोडी जास्त टाक रे,” म्हणाले. ‘थोडी’ हा शब्द त्यांनी स्वतःहून वापरलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

आता मी पुण्यात गेमच बनवते. मागच्या वर्षी सर गेले. त्यांच्या हिशेबाने या धडकेचीही नोंद एकदाच व्हायला हवी होती. पण नव्या गेममध्ये जीवांपुढे तीन लिहिते, सर आठवतात आणि पुन्हा एक वजा होतो. ही चूक मात्र मी दुरुस्त करणार नाही.